दायाक लोकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोर्निओ म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात: ओरांगउटान आणि मुंडकी कापणारे लोक. पहिल्याबद्दल बरंच लिहून येतं. दुसऱ्याबद्दल मराठी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

दायाक ही एक जमात आहे का?

नाही. बोर्निओ हे जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं मोठं बेट, महाराष्ट्राच्या जवळजवळ अडीचपट. त्याचे तीन वाटेकरी आहेत. दक्षिणेचा मोठा भाग इंडोनेशियाचा, त्याला कालिमांतान म्हणतात. उत्तरेला मलेशियाची सारावाक आणि साबा ही दोन राज्यं, आणि मध्ये चिमुकलं ब्रुनेई. किनाऱ्यावर मलय मुसलमानांची वस्ती. नद्यांच्या वरच्या अंगाला, आत जंगलात राहणारे जे मूळचे बिगरमुस्लिम समाज आहेत, त्या सगळ्यांना मिळून दायाक म्हणतात. शब्दाचा अर्थही साधारण 'वरच्या अंगाचे, आतल्या भागातले' असाच. आपण 'घाटावरचे' म्हणतो ना, तशातला प्रकार.

या एका नावाखाली सारावाकमधले इबान आणि बिदायू येतात, नद्यांच्या उगमाकडचे कायान, केन्याह आणि केलाबित येतात, मध्य कालिमांतानचे न्गाजू, पश्चिमेचे कानायात्न, दक्षिणेचे मान्यान येतात. शेती न करता जंगलात फिरून जगत आलेले पेनानही यात धरले जातात. एकाची भाषा दुसऱ्याला कळेलच असं नाही. इबान भाषा मलयला जवळची. मान्यानची गंमत आणखी वेगळी: तिची अगदी सख्खी म्हणावी अशी भाषा सात हजार किलोमीटरवर, आफ्रिकेशेजारच्या मादागास्करमध्ये बोलली जाते. हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी इथली माणसं हिंदी महासागर ओलांडून तिकडे पोहोचली आणि भाषा सोबत घेऊन गेली.

'डायाक' लिहायचं की 'दायाक'?

'ड' इंग्रजीतून आला. तिथले लोक म्हणतात ते 'द'च्या जवळचं आहे, म्हणून इथे दायाक. जुन्या इंग्रजी पुस्तकांत इबानांना 'समुद्री दायाक' आणि बिदायूंना 'भूमी दायाक' म्हटलेलं दिसेल. इबान राहायचे नदीकाठीच, पण इंग्रजांची त्यांच्याशी गाठ पडली ती किनाऱ्यावर, होड्यांतून धाडी घालताना. नाव चिकटलं ते चिकटलंच.

तेच ना, मुंडकी कापणारे?

होती ती प्रथा. लपवण्यात अर्थ नाही, आणि दायाक स्वतःही लपवत नाहीत. इबान भाषेत त्या मोहिमेला न्गायाऊ म्हणत. त्यामागे वैराचा हिशेब होता, तरुणाची प्रतिष्ठा होती, आणि श्रद्धाही होती. काही ठिकाणी घरातलं सुतक फिटायला नवं शिर यावं लागे. आणलेल्या कवट्या ओसरीत टांगून त्यांना धुरी दिली जाई, खाऊपिऊ घातलं जाई, कारण शत्रूचं ते बळ आता घराचं रक्षण करणार, भाताला बरकत देणार अशी समजूत होती.

1841 मध्ये जेम्स ब्रुक नावाचा इंग्रज सारावाकचा राजा झाला. त्याच्या घराण्याने ही प्रथा मोडली असं पुस्तकांत छापलेलं असतं. त्याच घराण्याने बंडखोरांवर चालून जाताना इबान लढवय्यांनाच पुढे घातलं आणि त्यांनी आणलेल्या शिरांकडे काणाडोळा केला, हे मात्र तळटीपेत जातं. डच हद्दीत, म्हणजे आजच्या कालिमांतानमध्ये, 1894 साली तुम्बांग आनोई या गावी मोठी सभा भरली. यजमान होता दामांग बातू नावाचा दायाक मुखिया. ठिकठिकाणचे पुढारी महिनोन्महिने प्रवास करून आले आणि शिरकाण, सूडसत्र आणि गुलामगिरी बंद करण्याचा करार झाला. पुढे दुसऱ्या महायुद्धात, जपानी सैन्याविरुद्ध, दोस्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांच्या आशीर्वादाने ही प्रथा थोडा काळ पुन्हा उफाळली.

म्हणजे विषय आहे. पण भेटल्याबरोबर पहिला प्रश्न हाच विचारू नका. परदेशात कुणी आपल्याला 'तुमच्याकडे सती जातात ना?' असं विचारलं की आपलं तोंड जसं होतं, तसं त्यांचं होतं.

लाँगहाउस म्हणजे आपली चाळच ना?

पन्नास टक्के बरोबर. इबान त्याला रुमा पांजाई म्हणतात, न्गाजू लोक बेतांग, पूर्व कालिमांतानमध्ये लामिन. खांबांवर उचललेलं, नदीला समांतर पसरलेलं एकच लांबलचक घर. अख्खं गाव त्या एका छपराखाली.

चाळीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा आणि गॅलरी चांगली पाच-सहा पट रुंद करा. घराच्या लांबीभर मधोमध एक भिंत असते. भिंतीच्या एका बाजूला एकेका कुटुंबाच्या खोल्या, त्यांना बिलिक म्हणतात. दुसऱ्या बाजूला सलग ओसरी, म्हणजे रुआई. तिच्यापुढे उघडी माची, तान्जू, जिथे भात आणि मिरी वाळत पडते. वर माळा, सादाउ, जिथे झाडाच्या सालीच्या मोठाल्या कणग्यांत वर्षाचं भात साठवायचं. घर केवढं आहे हे फुटांत सांगत नाहीत, दारांत सांगतात. 'किती दारांचं?' 'बत्तीस दारांचं.' झालं, कळलं.

सगळं आयुष्य रुआईवर. संध्याकाळी कोणी वेताची चटई विणत बसलंय, कोणी जाळं शिवतंय. झुंजीचा कोंबडा पायाला दोरी बांधून खांबाशी उभा. पोरं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावताहेत आणि पायाखालच्या फळ्या धडधडताहेत. पाहुणा आला की इथेच बसवायचा. तंटा असला की पंचायतही इथेच, घराचा मुखिया तुआई रुमा याच्यासमोर. आपल्या दारासमोरचा रुआईचा तुकडा ज्याचा त्याने राखायचा, पण तिथे बसायला कुणालाही मज्जाव नाही. चाळीत वाढलेल्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही.

म्हणजे शेती, पैसा, सगळं सामायिक?

हाच तो उरलेला पन्नास टक्क्यांचा फरक, आणि इथे भलेभले फसतात. 1949 ते 1951 मध्ये इबानांत राहिलेल्या डेरेक फ्रीमन या मानववंशशास्त्रज्ञाने हे नीट मांडून ठेवलंय. प्रत्येक बिलिक स्वतंत्र असतं. चूल वेगळी, शेत वेगळं, भाताची कणगी वेगळी. न पटलं तर कुटुंब आपल्या फळ्या-खांब उचलून दुसऱ्या घरात राहायला जाऊ शकतं.

आपल्याला खरं चकित करणारं पुढेच आहे. बिलिक मुलाकडेच जाईल असा नियम नाही. एक अपत्य आईबापांजवळ राहतं, मग तो मुलगा असो की मुलगी. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी जातो किंवा बायको नवऱ्याच्या, जिकडे सोयीचं असेल तिकडे. 'घरजावई' या शब्दातला टोमणा इबान भाषेत नेता येणार नाही. वारशातही मुलगा-मुलगी भेद नाही.

आजची बरीच लाँगहाउस सिमेंटची आहेत. टाइल्स आहेत, छपरावर डिश आहे, खाली गाड्या उभ्या आहेत. पर्यटक हिरमुसतात. राहणाऱ्यांना बरं वाटतं, कारण लाकडी घराला एका टोकाला आग लागली की अख्खं गाव जळतं.

ते हिंदू आहेत हे खरं का?

व्हॉट्सअॅपवर 'बोर्निओच्या जंगलातले लपलेले हिंदू' असा मजकूर फिरतो. खरी गोष्ट त्याहून रंजक आहे, पण ती फॉरवर्डमध्ये मावत नाही.

आज बहुसंख्य दायाक ख्रिस्ती आहेत, कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट. काही मुसलमान झाले. पूर्वी कालिमांतानमध्ये त्याला 'मलय झाला' असंच म्हणत. जुना धर्म पाळणारेही आहेत. न्गाजूंच्या जुन्या धर्माचं नाव कहारिंगान. त्यात वरच्या जगाचा देव रान्यिंग हाताला आणि पाण्याखालच्या जगाची नागरूप देवता, जाता. इंडोनेशियात सरकारमान्य धर्मांची यादी असते आणि यादीबाहेर राहणं गैरसोयीचं असतं. तेव्हा 1980 साली कहारिंगानला हिंदू धर्माची शाखा म्हणून मान्यता मिळाली, आणि कागदोपत्री नाव झालं 'हिंदू कहारिंगान'. त्यांची सामूहिक प्रार्थना बासाराह दर गुरुवारी संध्याकाळी होते, धर्मग्रंथ पानातुरान. त्यात आपले राम-कृष्ण शोधू नका. ही प्रशासकीय सोयरीक आहे. ती मनापासून मानणारेही आहेत आणि 'आमचा धर्म वेगळा' म्हणणारेही आहेत.

मग भारताशी नातंच नाही का? आहे. पूर्व कालिमांतानमध्ये महाकाम नदीवर मुआरा कामान इथे दगडी यूपस्तंभ, म्हणजे यज्ञाचे खांब, सापडले, साधारण इ.स. 400 च्या सुमाराचे. त्यावर पल्लव लिपीत संस्कृत श्लोक आहेत. राजा मूलवर्मा, त्याचा बाप अश्ववर्मा, आणि आजोबा कुंडुंग. आजोबांचं नाव अगदी स्थानिक, मुलगा-नातू एकदम 'वर्मा'! मूलवर्म्याने ब्राह्मणांना 20,000 गाई दान दिल्याचा उल्लेख आहे. भारतातून कुणी जाऊन राज्य स्थापलं असं यातून दिसत नाही. तिथल्याच एका घराण्याने संस्कृत नावं आणि विधी आपलेसे केले, एवढं दिसतं.

शब्दही झिरपले. इबान देवाला पेतारा म्हणतात, मूळ शब्द भट्टार. कानायात्नांचा देव जुबाता, म्हणजे देवता. पश्चिम कालिमांतानमध्ये कुठल्याही दायाक सभेची सुरुवात 'आदिल का तालिनो, बाचुरामिन का सारुगा, बासेङात का जुबाता' या वाक्याने होते. माणसांशी न्यायाने वागा, स्वर्गाच्या आरशात पाहा, श्वास देवाचा आहे, असा त्याचा भाव. सारुगा म्हणजे स्वर्ग, आणि 'आदिल' अरबी आहे. एकाच वाक्यात दोन समुद्र पार करून आलेले शब्द. समोरचे लोक एका आवाजात 'आरूस!' म्हणतात.

तिवाह म्हणजे काय?

न्गाजूंचा दुसरा आणि खरा अंत्यविधी. माणूस गेला की आधी पुरतात. पुढे ऐपत जमली की, कधी काही वर्षांनी, हाडं उकरून, स्वच्छ करून, सांडुंग नावाच्या कोरीव लाकडी अस्थिघरात ठेवतात. तेव्हा कुठे आत्मा लेवू तातावला, म्हणजे सुबत्तेच्या गावाला पोहोचतो. खर्च फार, बळीला रेडे-डुकरं लागतात, विधी अनेक दिवस चालतो. म्हणून बरीच कुटुंबं मिळून एक तिवाह करतात. तोपर्यंत घरच्यांच्या डोक्यावर ऋण राहतं.

शकुन-अपशकुन मानतात का?

मानत, आणि फार शास्त्रशुद्ध मानत. इबानांचा शकुनदेव आणि युद्धदेव सिंगालांग बुरोंग. पृथ्वीवर तो दिसतो ब्राह्मणी घारीच्या रूपात. होय, तीच तांबूस पाठीची, पांढऱ्या डोक्याची घार जी मालवणच्या जेटीवर मासळीसाठी घिरट्या घालते. शकुन सांगणारे सात पक्षी म्हणजे त्याचं जावई मंडळ. त्यातला एक नेंदाक, म्हणजे आपल्या सह्याद्रीतला गोड गळ्याचा शामा. तो 'थंड' शकुनाचा मानतात. बाकीच्यांत सुतार, धीवर वगैरे मंडळी आहेत. कोणता पक्षी, डावीकडून की उजवीकडून, कोणती हाक, आणि आपण काय करायला निघालोत, यावर निर्णय. शेतासाठी जागा साफ करायची तरी आधी पक्ष्याची परवानगी.

भारद्वाज दिसला की खूश होणाऱ्या आणि पाल चुकचुकली की थबकणाऱ्या आपण यावर हसायचं कारण नाही. आणि हंगामाचा अंदाज त्यांनाही आकाशातूनच मिळायचा. कृत्तिकांना ते 'पुष्कळ तारे' म्हणतात. तो पुंजका पहाटे दिसू लागला की शेताची तयारी सुरू.

जंगल जाळून शेती करतात, म्हणूनच तो धूर होतो ना?

दरवर्षीचा प्रश्न. डोंगरउताराची फिरती शेती ते करतात हे खरं. जंगलाचा छोटा तुकडा तोडायचा, वाळवायचा, जाळायचा, राखेत काठीने भोकं पाडून भात टोकायचं. पुरुष पुढे भोकं पाडत जाणार, बाया मागून बी टाकत जाणार. एक-दोन पिकं घेतली की जमीन बऱ्याच वर्षांसाठी सोडून द्यायची आणि जंगल परत वाढू द्यायचं. आपल्या सह्याद्रीतली कुमरी हीच. इंग्रजांच्या वनखात्याने तिलाही 'नासधूस' ठरवून बंद पाडली होती.

देशोदेशी पसरणारा तो दाट धूर वेगळा. तो येतो प्रामुख्याने पाणथळ पीट जमिनीतून. शतकानुशतकं भिजलेला पालापाचोळा, त्यात चर खणून पाणी काढलं की तो सरपणासारखा वाळतो आणि जमिनीच्या आत महिनोन्महिने धुमसतो. मध्य कालिमांतानमध्ये इंडोनेशियाच्या सुहार्तो सरकारने 1990 च्या दशकात दहा लाख हेक्टरांवर भात पिकवायचा घाट घातला, हजारो किलोमीटर कालवे खणले. भात आलं नाही, 1997 चा वणवा आला. भर म्हणून लाकूडतोड आणि पामतेलाचे मळे. 1987 मध्ये सारावाकच्या बाराम खोऱ्यात पेनान लोक लाकडाच्या ट्रकांसमोर रस्ता अडवून उभे राहिले होते. पश्चिम कालिमांतानच्या सुंगाई उतिक या इबान गावाने आपलं जंगल कंपन्यांना दिलंच नाही, आणि त्याबद्दल त्यांना 2019 साली संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

भात हे त्यांच्यासाठी नुसतं धान्य नाही. भाताला आत्मा असतो. प्रत्येक इबान कुटुंबाचं आपलं एक पवित्र वाण असतं, पादी पुन. ते पिढ्यान्‌पिढ्या जपायचं.

गवाई कधी असते आणि काय करतात?

गवाई म्हणजे विधी, सण. सुगीनंतरची मोठी गवाई दायाक सारावाकमध्ये 31 मेच्या संध्याकाळी सुरू होते आणि 1 जूनला सुट्टी असते. ही तारीख जुनी नाही. आधी प्रत्येक घर आपापल्या सोयीने सुगी साजरी करायचं. इंग्रज सरकारने दायाकांसाठी वेगळा दिवस द्यायला नकार दिला होता. मलेशिया झाल्यावर 1965 पासून 1 जून ठरला. पश्चिम कालिमांतानचे कानायात्न आपला नाइक दांगो 27 एप्रिलला करतात.

त्या आठवड्यात समुद्रापलीकडच्या सिंगापूर, जोहोरहून विमानांनी, आणि मिरी शहर आणि सारावाकची राजधानी कुचिंग इथून गाड्या भरभरून माणसं गावी निघतात. गणपतीला कोकणात जाणारे चाकरमानी डोळ्यांपुढे आणा. रस्त्यावरची कोंडीसुद्धा तशीच.

मिरिंग हा नैवेद्याचा विधी जवळून पाहण्यासारखा. रुआईवर चटई, तिच्यावर विणलेली पुआ ही चादर, तिच्यावर ताटल्या, विषम संख्येत. मग एकेक जिन्नस ठरलेल्या क्रमाने वाढायचा: चिकट भात, लाह्या, अंडी, तळलेल्या पिठाच्या करंज्या म्हणाव्यात असे पदार्थ, मीठ, तंबाखू, विड्याचं पान, सुपारी, चुना. वरून तुआक, म्हणजे घरी काढलेली तांदळाची दारू. एक म्हातारा जिवंत कोंबडा हातात धरून जमलेल्यांच्या डोक्यावरून ओवाळतो आणि भराभरा प्रार्थना म्हणतो. ओवाळणं, लाह्या, विडा. ख्रिस्ती घरांतही बऱ्याच ठिकाणी हे होतं, चर्च सकाळी आणि मिरिंग संध्याकाळी.

मग 'गायू गुरू गेराई न्यामाई' अशी शुभेच्छा. दीर्घायुष्य, आरोग्य, सुबत्ता. आणि पेले उंचावून सगळे मिळून 'ऊऽऽहा!'

पुआ कुम्बूला एवढं महत्त्व का?

कारण ती विणणाऱ्या बाईचा दर्जा लढवय्याच्या बरोबरीचा असायचा. सुताला रंग पकडायला तयार करण्याच्या विधीला न्गार म्हणतात, आणि त्या सगळ्या खटाटोपाला इबान 'कायाऊ इंदू' म्हणत, म्हणजे बायकांचं युद्ध.

पुआ म्हणजे इकतची चादर. गुजरातचा पटोळा ज्या घराण्याचा, त्याच घराण्यातली, फक्त इथे ताणाच बांधून रंगवतात, बाणा साधा राहतो. आधी सूत तयार करायचं. आलं, मीठ, केपायांगच्या बियांचं तेल आणि इतर जिन्नसांच्या कोमट पाण्यात लडी तुडवायच्या. ही मापं जिला बरोबर जमतात तिलाच 'मापणारी' म्हणून मान. मग लडी दिवसा उन्हात, रात्री दवात. नंतर ताणा चौकटीवर ताणून नक्षीप्रमाणे लेंबाच्या पानाच्या तंतूंनी गाठी मारत जायचं, हजारो गाठी, कागदावर काढलेलं चित्र समोर नाही, सगळं डोक्यात. गाठीखालचं सूत पांढरं राहतं, उघडं रंगतं. लाल रंग एंगकुडूच्या मुळांतून. त्याचा भाऊबंद म्हणजे आपल्याकडचं आल हे झाड, ज्याच्या मुळांनी कधीकाळी विदर्भ-माळव्यात लाल लुगडी रंगत. निळ्यासाठी नीळ. गाठी सोडल्या की कमरेला अडकवलेल्या मागावर विणायचं.

नक्षी स्वप्नात मिळते. कुमांग ही देवी येऊन दाखवते. नवशिकीने साध्या नक्षीपासून सुरुवात करायची. मगरीसारखी जबर नक्षी वय आणि अधिकार नसताना हाताळली तर विणणारीच आजारी पडते, अशी समजूत. बाळ प्रथम नदीवर नेताना पुआ, नैवेद्याखाली पुआ, मृतदेहाभोवती आडोसा पुआचा. आणि हो, आणलेलं शिरही बाया पुआतच झेलत. सुंदर वस्तूचा इतिहास नेहमी सुंदर नसतो.

दुकानांत मिळणाऱ्या 'पुआ' बहुधा छापील असतात. उलट बाजू पाहा. खऱ्या इकतची दोन्ही तोंडं सारखी.

अंगावरच्या गोंदणाचा अर्थ काय?

इबान तरुण बेजालाईला, म्हणजे कमाईसाठी आणि अनुभवासाठी परमुलखात निघताना, दोन्ही खांद्यांच्या पुढच्या बाजूला बुंगाई तेरुंग गोंदवून घ्यायचा. वांग्याचं फूल. मधल्या भोवऱ्याला 'जीवाची दोरी' म्हणतात. सुई लावलेल्या काडीवर दुसऱ्या काडीने टकटक मारत, काजळीच्या शाईने. कायान बायका हातपाय भरून गोंदवत, मेल्यावर अंधारात हेच गोंदण उजेड दाखवेल म्हणून. 'सोनंनाणं इथेच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं' म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना हे लगेच पटलं असतं.

धनेशाची पिसं अजून वापरतात?

नाचाच्या पोशाखात पिसं हवीतच. सारावाकला 'धनेशभूमी' म्हणतात आणि कवड्या धनेशाचा मोठा चुलतभाऊ, गेंड्यासारख्या शिंगाचा धनेश, हा राज्यपक्षी आहे. पण धनेशांना कायद्याचं संरक्षण आहे, एक जात तर नामशेष व्हायच्या काठावर आहे. म्हणून बरेच जण जुनी, वारशात आलेली पिसं जपतात किंवा नकली वापरतात.

घराघरांत त्या जुन्या बरण्या कशाला?

प्रतिष्ठा. चीनहून आणि ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून शतकानुशतकं व्यापारात आलेले मोठाले रोगणी रांजण, अंगावर ड्रॅगन. आपला 'मर्तबान' हा शब्दही त्याच बंदराचा. दायाकांकडे हेच सोनंनाणं होतं: लग्नात रांजण, दंडात रांजण, काही समाजांत प्रेतही रांजणात. त्यांना नावं असत. काही रांजण रात्री बोलतात म्हणे.

संगीत?

सापे ऐका. केन्याह आणि कायान लोकांचं होडीच्या आकाराचं तंतुवाद्य, एका लाकडाच्या ओंडक्यातून कोरलेलं. आवाज पाण्यासारखा. कुचिंगजवळ सान्तुबोंगला 1998 पासून भरणाऱ्या वर्षावन संगीत महोत्सवामुळे ते जगाला माहीत झालं. महाकामच्या वरच्या अंगाला पेरणीच्या वेळी हुदोक नाचतात. लाकडी मुखवटा, अंगभर केळीची पानं, पिकावरची कीड पळवायला.

आडनाव काय असतं?

इबानांत नसतंच. अमुक 'आनाक' तमुक, म्हणजे तमुकचं मूल. आपल्या नावातला मधला भाग तेवढा ठेवलाय म्हणा. मूल झालं की माणूस 'अपाई अमुक', अमुकचा बाप, होतो. नवऱ्याला 'गण्याचे बाबा' म्हणणाऱ्या घरांत वाढलेल्यांना ओळखीचं वाटेल. त्यांच्या लोककथांतला गाजलेला बावळट म्हणजे अपाई सालोई, सालोईचा बाप.

शाकाहारी माणसाचे हाल होतील का?

थोडे. सणाचं मुख्य पक्वान्न मानोक पान्सोह: कोंबडीचे तुकडे, आलं, गवती चहा हिरव्या बांबूच्या नळकांड्यात भरून, तोंडाला कसावाच्या पानांचा बोळा कोंबून, बांबू निखाऱ्यांवर तिरका टेकवायचा. बांबू बाहेरून काळा होतो, आत रस्सा उकळतो. डुकराचं मांस भरपूर. भाज्याही आहेत: मिदिन नावाच्या रानटी नेच्याचे कोवळे कोंभ, बांबूचे कोंब, कसावाची पानं, आणि तेरुंग दायाक हे नारिंगी, आंबट वांगं. बारिओच्या पठारावरचा बारीक तांदूळ नुसता खावा असा. फक्त भाजीत सुक्या कोळंबीची चटणी किंवा चिमूटभर सुकट हमखास असते. 'मांस नको' सांगून भागत नाही, 'कोळंबी, सुकट नको' असं वेगळं सांगा.

लाँगहाउसला पाहुणा म्हणून जायचं तर?

कुचिंगहून आन्ना राइस हे बिदायू गाव जवळ पडतं, इबान वस्तीसाठी बातांग आइ. 2022 मध्ये कुचिंगला उघडलेलं बोर्निओ संस्कृती संग्रहालय आधी पाहून घ्या, अर्धे प्रश्न तिथेच सुटतात. मलेशियातून मलेशियात जातानाही सारावाकमध्ये पासपोर्टवर वेगळा शिक्का बसतो, घाबरू नका.

रुआईवर चढण्याआधी चपला काढा. एखाद्या दिवशी घर 'माली' असेल, म्हणजे कुणी वारलंय किंवा विधी चालू आहे, तर बाहेरच्याला प्रवेश नाही. रागवायचं कारण नाही. बोलावल्याशिवाय बिलिकमध्ये शिरू नका.

आणि पुनी लक्षात ठेवा. कुणी खायला किंवा प्यायला पुढे केलं आणि तुम्ही नुसतंच 'नको' म्हणून निघालात, तर वाटेत साप चावेल, होडी उलटेल, काहीतरी घडेल अशी समजूत आहे. खाल्लंच पाहिजे असं नाही. पोट भरलेलं असो, व्रत असो, तुआक चालत नसो. ताटाला, पेल्याला बोट लावा, ते ओठाला टेकवा, 'पुनी' म्हणा. तेवढ्याने भागतं. घरची बाई हसून ताट पुढच्या माणसाकडे सरकवते.